डाव्या सीटवरचे नदाफ मास्तर

“अब्बा, तुम्ही गाडीत उजव्या सीटवर शेवटचे कधी बसला होतात?”

हा प्रश्न माझा नाही, आधीच सांगते. माझ्या वर्गातल्या राजनंदिनी आणि सिद्धेश्वरी या दोघींनी तो मला पैजेवर विचारायला लावला. राजनंदिनीचा दादा सध्या माझ्या अब्बांकडे गाडी शिकतोय. त्यानं घरी जाऊन सांगितलं की नदाफ मास्तरांना स्वतः गाडी चालवताना अख्ख्या सोलापुरात कुणी बघितलेलं नाही. झालं की मग! मधल्या सुट्टीत राजनंदिनी माझ्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाली, “शगुफ्ता नदाफ, स्टेजवर लई बोलतेस ना? हिंमत असेल तर हे विचार तुझ्या अब्बांना.”

आणि ‘हिंमत असेल तर’ म्हटलं की माझं काही खरं नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी अशी नव्हते हं. नववीत मी हजेरी इतकी हळू द्यायची की बाईंनी मला दोनदा गैरहजर लावलं. मग यंदा जूनमध्ये शाळेच्या कार्यक्रमात आभार मानणारी मुलगी ऐनवेळी तापानं आडवी झाली आणि बाईंनी मला पुढे ढकललं. मी माईकसमोर गेले, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि काय सांगू, नंतर ते मिटेचना! लोक हसले, टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला शोध लागला की भीती-बिती काही नसतं. तोंड उघडायचं, बाकी आपोआप होतं. तेव्हापासून हा शोध मी भेटेल त्याला सांगत सुटलेय.

तर मी विचारलं तेव्हा अब्बा दारात सायकलमध्ये हवा भरत होते. पंपाचा दांडा अर्ध्यात थांबला. आतून अम्मी खदखदून हसली. “आपल्या निकाहच्या आधी बसले असतील,” ती म्हणाली. अब्बा हसले नाहीत. त्यांनी दांडा खाली दाबला, वर ओढला, परत दाबला. मग म्हणाले, “उद्या भूमितीची चाचणी ना तुझी? जा, पुस्तक उघड.”

(घरी आम्ही दख्खनी बोलतो. इथे सगळं मराठीतच लिहितेय, पण एखादं ‘हौ’ आणि ‘नक्को’ निसटेल. चालवून घ्या.)

आता अब्बांचं काम कसं असतं ते सांगायला पाहिजे. माझे अब्बा, इसूफ नदाफ, सतरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आहेत. स्कूल प्रभुलिंग शेठचं, शिकवतात अब्बा. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटखालीही दोन पेडल असतात, क्लच आणि ब्रेक, फक्त मास्तरांसाठी. शिकणारा उजवीकडे बसून स्टिअरिंगला लोंबकळतो आणि अब्बा डावीकडे बसून दोन पाय दोन पेडलांवर ठेवतात. सकाळी सहाला ते सायकलनं ऑफिसला जातात. पहिला शिकणारा तिथून गाडी काढतो, तो उतरतो तिथे दुसरा बसतो, आणि संध्याकाळी शेवटचा गाडी परत आणून लावतो. म्हणजे अब्बा दिवसभर गाडीत असतात आणि गाडी कधीच चालवत नाहीत!

पंधरा वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? कुठल्याही सिग्नलला उभे राहा, कुणीतरी काच खाली करून “नमस्कार मास्तर” म्हणतंच. डॉक्टरीणबाई म्हणतात, हवालदार म्हणतात, अक्कलकोट रोडचे टॉवेलवाले कारखानदार म्हणतात. सगळे अब्बांच्या शिव्या खाऊन शिकलेत. माझ्या लेखी अब्बा म्हणजे सोलापुरातले एक नंबर ड्रायव्हर.

तो प्रश्न एरवी सायकलच्या हवेसोबत उडून गेला असता. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी गाडी आली.

पांढरी वॅगनआर, जुनीच, पण आमची पहिली. शेठच्या मेहुण्यांनी ती स्वतः आणून बोळाच्या तोंडाशी लावली आणि किल्ली अब्बांच्या हातात दिली. अम्मीनं गाडीभोवती फिरत काहीतरी पढून फुंकर मारली, बोनेटवर पण आणि डिकीवर पण. येत्या रविवारी कुर्डुवाडीला तौसिफ मामूंच्या बाळाचा अकिका होता, म्हणजे जावळ काढून नाव ठेवायचा कार्यक्रम. आजवर आम्ही अम्मीच्या माहेरी रेल्वेनं जायचो, स्टेशनवरून चालत. या वेळी मामूंनी फोनवर सगळ्या खानदानात जाहीर केलं होतं की दुल्हाभाई, म्हणजे अब्बा, स्वतःच्या गाडीनं येताहेत, स्वतः चालवत, मास्तर आहेत शेवटी!

अब्बांनी चार दिवस गाडी धुतली. नुसती धुतली. मी म्हणाले एक चक्कर मारू, तर म्हणाले आधी टायरची हवा बघायला हवी. हवा बघून झाली तर म्हणाले वायपर कडक झालाय. डिसेंबरात! बुधवारी शाळेतून आले तर अब्बा गाडीत बसलेले, काच वर, डोळे समोर. मी खूश होऊन पळत गेले आणि काचेवर टकटक केलं. ते डाव्या सीटवर बसले होते.

शुक्रवारी नमाजवरून आल्यावर त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि मला म्हणाले, “चल.”

उजव्या सीटवर ते असे बसले जशी मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसेन. सीट पुढे घेतली, मागे घेतली. शिकवायच्या गाडीत मास्तरांसाठी वर एक जादा छोटा आरसा असतो. त्यांची नजर तिथे गेली, तिथे काहीच नव्हतं. गिअरला त्यांनी उजवा हात नेला आणि तो जाऊन दाराला आपटला. डावीकडे बसणाऱ्याच्या उजव्या हाताला गिअर असतो की! मला हसू आलं. मग त्यांच्या कानामागून घाम ओघळताना दिसला आणि ते हसू घशातच राहिलं.

गाडी निघाली. आमच्या पुढून एक भाजीची हातगाडी चालली होती, ती आमच्या पुढेच राहिली. अब्बा गाडी इतकी उजवीकडे घेत होते की मला राहवेना.

“अब्बा, आपण समोरून येणाऱ्यांच्या अंगावर चाललोय.”

“मला मध्येच आहोत असं वाटतंय,” ते म्हणाले. “सतरा वर्षं रस्ता मी दुसऱ्या खिडकीतून बघितलाय.”

ग्राउंडपर्यंत गेलो, परत आलो. गाडी बंद करून ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी माझा शोध बाहेर काढला. “अब्बा, भीती-बिती काही नसतं. नुसता कॉन्फिडन्स लागतो. मी कशी माईकसमोर...”

“शगु,” ते म्हणाले, “डावीकडे बसलं ना, की चूक दुसऱ्याची असते. मी फक्त सावरतो. मला सावरायचीच सवय. उजवीकडे बसलं की चूक माझी, आणि सावरायला बाजूला कुणी नाही.”

“मग रेल्वेनं जाऊ. अम्मीला मी सांगते.”

“नक्को. गाडी दारात असताना रेल्वेनं गेलो तर कुर्डुवाडीत काय म्हणतील? मास्तरलाच गाडी येत नाही म्हणतील. ही गोष्ट एकदा बाहेर पडली की इथे माझ्या शेजारी शिकायला कोण बसेल? शेठ दुसरा मास्तर बघतील. सतरा वर्षांचं नाव आहे माझं, दुसरं काही नाही माझ्याकडे.” त्यांनी किल्ली काढली. “कुणाला बोलू नको.”

मी मान हलवली. पण गुरुवारीच मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून बसले होते: ‘रविवारी पुरावा मिळेल. नदाफ मास्तर हायवेवर, व्हिडिओसकट!’

मी स्वतःला समजावलं की हे तर उलट चांगलंच आहे. अब्बा मस्त चालवतील, मी व्हिडिओ काढेन, राजनंदिनीच्या दादाचं तोंड बंद होईल.

रविवारी आठ वाजता निघालो. अम्मी मागे, मांडीवर बाळाच्या कपड्यांची पिशवी. मी पुढे डावीकडे, पट्टा लावून, दोन्ही हातांत मोबाइल धरून. अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं, किल्ली फिरवली आणि स्वतःलाच शिकवायला सुरुवात केली.

“आरसा बघ. क्लच दाब. पहिला टाक. आता हळू सोड. हळू सोड म्हटलं ना!”

गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

“मास्तर ओरडतात वाटतं,” अम्मी मागून म्हणाली. मी फिदीफिदी हसले. अब्बांनी परत किल्ली फिरवली.

शहर संपेपर्यंत ठीक होतं, म्हणजे रिक्षावाले शिव्या देत होते पण ते सगळ्यांनाच देतात. हायवेला लागलो आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, त्यातून ऊस दोन्ही बाजूंना झुलतोय. आम्ही त्याच्या मागे. बाकी सगळं सोलापूर आमच्या बाजूनं सुसाट पुढे चाललेलं. अब्बा उजवीकडे थोडे बाहेर यायचे, मागून ट्रकचा हॉर्न आला की परत आत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडलेली मला दिसली.

“अजी, किती वेळ उसाचा वास घ्यायचा?” अम्मी म्हणाली.

“जा अब्बा, जा! रस्ता मोकळाय! कॉन्फिडन्स!” मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून ओरडत होते. “तर मंडळी, आपण बघत आहात सोलापूरचे सुप्रसिद्ध...” माझी आपली कॉमेंट्री चालू. ट्रॅक्टर शेवटी स्वतःच एका फाट्याला वळला आणि अब्बांनी इतका मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

मग टोलनाका आला.

दोन बाजूंना सिमेंटचे कठडे, मध्ये गाडीपुरती वाट. आमच्या पुढे सोलापुरी चादरींचे गठ्ठे बांधलेला टेम्पो होता. तो पुढे सरकला, आम्ही सरकलो, आणि टेम्पो एकदम थांबला. त्याचं टोलचं स्टिकर मशीनला दिसेना. आम्ही थांबायला हवं होतं. त्याऐवजी आमचं इंजिन किंचाळलं. खरंच, दुसरा शब्द नाही. गाडी पुढे जात होती, चादरींवरचा शिक्का मोठा मोठा होत होता, अम्मी “या अल्लाह” म्हणाली आणि मी? मी, जिचं तोंड कधी मिटत नाही, ती तोंड उघडं ठेवून मोबाइल धरून बसले. आवाजच नाही. पाय तेवढे चटईत रुतवले होते, जणू माझ्याखालीही पेडल आहेत.

गाडी थांबली. टेम्पो आणि आम्ही यांच्यात एक हात जेमतेम मावला असता. मग गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्ला. टोलवरचा माणूस वाकून बघत म्हणाला, “काका, शिकाऊ आहे का?”

अब्बांनी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. गाडी चालू केली, टोलच्या पुढे नेली, कडेला मातीत उतरवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी खाली उतरले. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते.

“माझ्या बाजूला दोनच पेडल,” ते हळूच म्हणाले. “डावा क्लच, उजवा ब्रेक. काही झालं की दोन्ही दाबायचे. मी दोन्ही दाबले शगु. पण इथे सगळ्यात उजवा ब्रेक नसतो.”

सगळ्यात उजवा एक्सलेटर असतो. क्लच दाबलेला होता म्हणून इंजिन नुसतंच किंचाळलं, गाडीनं उडी मारली नाही. हे त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शिकवतात तसं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज चिरकला. मी अब्बांना असं कधी बघितलं नव्हतं. मला काहीतरी म्हणायचं होतं. ‘कॉन्फिडन्स’ हा शब्द जिभेवर आला आणि मला त्याची किळस आली.

तेवढ्यात अम्मीचा फोन वाजला. “कहां तक आए?” तौसिफ मामूंचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. “आलोच की,” अम्मी म्हणाली, “तुझे दुल्हाभाई जरा चहाला थांबलेत.” फोन ठेवून तिनं अब्बांकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त डोक्यावरची ओढणी नीट केली.

पंधरा मिनिटं गेली. अब्बा दोनदा गाडीजवळ गेले, दाराला हात लावला, परत आले.

मग एक पिकअप आमच्या पुढे जाऊन थांबली आणि मागे येत येत आमच्या गाडीसमोर बरोबर लागली. पाठीमागे बोकडं बें-बें करत होती. ड्रायव्हरच्या बाजूनं हिरव्या नऊवारीतली एक बाई उतरली, कपाळाला भंडारा.

“आवं मास्तर! हितं कशापायी हुबं हायसा उन्हात?”

“म्हाळसाबाई!” अब्बांचा चेहरा एकदम सरळ झाला. “काही नाही, जरा चक्कर आली.”

म्हाळसाबाई मूळच्या सांगोल्याकडच्या, आता सोलापूरजवळ राहतात. शेरडं-मेंढरं पाळतात. भाड्याचे ड्रायव्हर बाजाराची वेळ चुकवायचे म्हणून चार वर्षांपूर्वी स्वतःच गाडी शिकल्या, अब्बांकडे. पहिल्या दिवशी त्यांनी ब्रेक दाबायच्या ऐवजी गाडीला “हुर्र” म्हटलं होतं, हा किस्सा आमच्या घरी प्रसिद्ध आहे. पिकअपमधून त्यांचा मुलगा जोतिराम पण उतरला.

बाईंनी आमच्या गाडीकडे बघितलं, मग अब्बांच्या हातांकडे. ते अजून थरथरत होते. अब्बांनी ते पाठीमागे नेले. बाईंनी हे पण बघितलं.

“कुटं निगालाय?”

“कुर्डुवाडीला,” अम्मी पटकन म्हणाली.

“मग काय! आमी बी तिकडंच चाललोय बोकडं पोचवायला. जोत्या, तू घे पिकअप आनि ये मागनं. मास्तर, तुमची गाडी मला द्या बगू. आन् तुमी डावीकडं बसा.”

“अहो नको, कशाला...”

“बसा वो. तुमी बाजूला नसला की माजं हात अजून थरथरत्यात. आज जरा जिवाला बरं वाटंल.”

धादांत खोटं! ही बाई रोज शंभर किलोमीटर मारते. पण तिनं ते इतकं सरळ चेहऱ्यानं म्हटलं की अब्बांना नाही म्हणता येईना. मी मागे अम्मीजवळ गेले. अब्बा डावीकडे बसले, पट्टा लावला, पाय दोन नसलेल्या पेडलांवर ठेवले, आणि गाडी शंभर पावलंही गेली नसेल तोवर:

“म्हाळसाबाई, क्लचवरचा पाय काढा! तो पाय ठेवायचा पाट नाही!”

“व्हय मास्तर.”

“आरसा! आरसा तोंड बघायला दिलाय का?”

“न्हाय मास्तर.” बाई खुदुखुदु हसत होत्या. “चार वर्सं कुनी वरडलंच न्हाय, लई सुनं सुनं वाटत हुतं बगा.”

त्यांनी तीन ट्रॉल्या ओलांडल्या, शेटफळला हायवे सोडला, माढ्याच्या रस्त्याला लागल्या. अब्बांचे हात शांत झाले होते. ते तेच अब्बा होते, सिग्नलवाले, नमस्कारवाले. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला पुढच्या सीटवरची त्यांची मान दिसत होती आणि वाटत होतं, संध्याकाळी परत यायचंय. संध्याकाळी म्हाळसाबाई कुठून आणायच्या?

मामूंच्या घराच्या अलीकडच्या वळणावर बाईंनी गाडी थांबवली. “हितनं म्होरं तुमी घ्या. सासरवाडीच्या दारात मी कशाला.” किल्ली गाडीतच ठेवून, पदर खोचून त्या पिकअपकडे निघून गेल्या. शेवटची दोनशे पावलं अब्बांनी पहिल्या गिअरमध्ये चालवली.

आणि काय स्वागत! तौसिफ मामूंनी स्वतः दार उघडलं. “वाह दुल्हाभाई, सोलापूरहून एका दमात!” मामी, नानी, शेजारचे, सगळे गाडीभोवती. कुणी बोनेटवर थाप मारतंय, कुणी पोरं आत चढवून फोटो काढतंय. मामू सगळ्यांना सांगत होते, “अरे, अर्ध्या जिल्ह्याला यांनी गाडी शिकवलीय!” प्रत्येक वाक्याला अब्बा थोडे थोडे लहान होत होते. जेवायला बसले तर त्यांनी बिर्याणीतला एक घास घेतला आणि बाकी ताटात इकडून तिकडे केलं.

बाळाचं नाव एजाज ठेवलं. मी त्याला घेतलं पण माझं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरात अम्मी मामूंना हळू आवाजात सांगत होती, “यांची कंबर धरलीय. सोलापूरपर्यंत तू चालवशील का? रात्रीच्या गाडीनं परत ये.” मामू म्हणाले, हौ, त्यात काय. अम्मीनं येऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी खिशातली किल्ली काढून तिच्या हातात दिली. किल्ली देताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

मी गच्चीवर गेले. ग्रुपवर चौदा मेसेज. ‘पुरावा कुठाय?’ ‘मास्तर घाबरले वाटतं!’ मी व्हिडिओ उघडला. एकवीस मिनिटांचा. पाठवणार नव्हतेच, पण बघायचा होता.

आधी मला फक्त मीच ऐकू आले. अरे देवा, किती बडबडतेय ही मुलगी! ‘जा अब्बा’, ‘कॉन्फिडन्स अब्बा’, ‘आपण बघत आहात’. मग माझ्या बडबडीच्या खालून दुसरा आवाज आला, अगदी हळू. “शगु, जरा गप.” मी मागे नेऊन परत ऐकलं. ट्रॅक्टरच्या मागे असताना एकदा. ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा एकदा. टोलच्या रांगेत शिरताना एकदा. तीनदा! आणि मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मला कान होते कुठे, मला तोंडच होतं.

पुढचा भाग बघायला मला भीती वाटली, आणि ही माझी खरीखुरी भीती होती, जी नसते म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरत होते. इंजिन किंचाळतं. चित्र हलतं. अम्मीचा आवाज. मी मोजलं: एक. दोन व्हायच्या आत इंजिन गप्प होतं आणि टायर घासल्याचा आवाज येतो. मी हे चार वेळा बघितलं. मोबाइल हलला तेव्हा क्षणभर अब्बांचे पाय दिसतात. उजवा पाय उचलला जातो आणि मधल्या पेडलवर पडतो. कुणीही सांगितलेलं नाही. बाजूला मी होते, ती तर मोबाइल धरून पुतळा झाली होती.

मी ग्रुपवर लिहिलं: ‘विचारलं. उत्तर मिळालं. सांगणार नाही. पैज मी हरले समजा.’ मोबाइल बंद केला आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले.

चार वाजले होते. अंगणात अम्मी किल्ली घेऊन गाडीजवळ उभी होती. अब्बा मागचं दार उघडून आत बसायच्या बेतात होते. मागचं दार! डावीकडे सुद्धा नाही. मामू आत बूट घालत होते, त्यांचा आवाज येत होता.

मी अम्मीच्या हातातून किल्ली घेतली.

“शगु?” अम्मी म्हणाली.

“अब्बा, तुम्ही म्हणालात उजवीकडे बसलं की सावरायला कुणी नसतं. मग टोलवर कुणी सावरलं? मी नाही. अम्मीनं नाही. तिथे दुसरे पेडलच नव्हते. मी व्हिडिओ बघितला अब्बा, एक सेकंद पण लागला नाही तुम्हाला.”

अब्बा दाराला धरून उभे राहिले. “एक सेकंद उशीर झाला असता तर?”

“तर गाडी टेम्पोला लागली असती. मला माहीताय. मला पण भीती वाटतेय, आत्ता लई वाटतेय, हात बघा माझे.” मी हात पुढे केले. किल्ली खुळखुळत होती. “पण आज मामू चालवतील. पुढच्या वेळी कोण? आणि सोमवारी तुम्ही ऑफिसला जाऊन दुसऱ्यांना काय सांगणार, घाबरू नका?”

“हळू बोल,” अम्मी म्हणाली, “तौसिफ ऐकेल.”

मी आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून.

“अब्बा, अम्मी, माझं ठरलंय. मामूंना सांगा, कंबर बरी झाली. उजेड आहे तोवर निघू. अब्बा चालवतील, वाटेल तितकं हळू, वाटेल तिथे थांबत, ट्रॉलीच्या मागे जायचं तर ट्रॉलीच्या मागे. डावीकडे मी बसणार. मोबाइल अम्मीच्या पिशवीत. आणि सोलापूर येईपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढणार नाही.”